पाच सारखे आलेख

माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात एक पिवळी फाइल आहे. तिच्यात माझ्या भावाच्या कानांचे आलेख आहेत. प्रत्येकावर तारीख, माझी सही, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं त्या वर्षीच्या अल्बमचं नाव. लोकांना त्याचे अल्बम गाण्यांवरून आठवतात. मला ते या कागदांवरून आठवतात.

मी कान तपासते. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे माझा विभाग आहे. तिथे एक बूथ आहे, म्हणजे जाड भिंतींची, दुहेरी काचेची खिडकी असलेली लहानशी खोली. रुग्ण आत बसतो, कानांवर हेडफोन आणि हातात बटण. मी बाहेर यंत्रापाशी. मी एक बारीक स्वर सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, म्हणजे माझ्या यंत्रावर दिवा लागतो. ऐकू आला तर पुढचा स्वर आणखी हळू, नाही आला तर थोडा मोठा. ज्या आवाजाच्या खाली काहीच ऐकू येत नाही, तिथे कागदावर खूण करायची. खालच्या स्वरांपासून वरच्या स्वरांपर्यंत अशा खुणा जोडल्या की आलेख तयार होतो. काम एवढंच. येणारे बहुतेक जण म्हातारे असतात. एक आजोबा दर सहा महिन्यांनी येतात आणि दरवेळी सांगतात, "सूनबाई बोलते तेवढं सोडलं, तर सगळं स्वच्छ ऐकू येतं."

माझा भाऊ म्हणजे पारा. रॅप ऐकणाऱ्या कुणालाही विचारा. हे नाव मी ठेवलेलं. लहानपणी तो एका जागी ठरत नसे. सांडलेल्या पाऱ्यासारखा खोलीभर पळायचा. खोली एकच होती, जिन्याखालची. वरून कुणी उतरलं की आमच्या भांड्यांना कंप सुटायचा. आई एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची आणि संध्याकाळी तिच्या हातांना गरम कापडाचा वास यायचा. मी नववीत असताना मूलद्रव्यांची यादी पाठ करायला ट्रंकेच्या झाकणावर पट्टीने ताल धरायचे. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन. फ्लोरिन, निऑन. चार, चार, दोन, मग एक श्वास. पारा तेव्हा सहा वर्षांचा. त्याची यादी माझ्याआधी पाठ झाली. मग तो त्या तालात दुसरं काही घालू लागला: मास्तरांचं ओरडणं, वरच्या काकूंचं भांडण, भाजीवाल्याची आरोळी. पुढे लोक ज्याला 'पाराची चाल' म्हणू लागले, ते मुळात माझं रसायनशास्त्र होतं.

पहिला अल्बम 'जिन्याखाली'. तो झाला तेव्हा पारा एकवीस वर्षांचा होता. एका दुपारी माझ्या विभागात येऊन म्हणाला, "ताई, तुझ्या पेटीत बसू दे ना. अख्ख्या गावात एवढी शांत जागा नाही. इथे गाणं वाजलं की खरं-खोटं लगेच कळेल."

"ही पेटी नाही, बूथ आहे. आणि फुकट बसायला मिळत नाही. आधी कान, मग गाणं."

"कान कशाला? मी काय आजोबा आहे?"

"आजोबा व्हायचं नसेल तर बस."

मी त्याला तपासणी नीट समजावून सांगितली. आवाज कुठे दहा डेसिबलने खाली आणायचा, कुठे पाचाने वर न्यायचा. मला माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की मी जरा जास्तच सांगते. तो डोळे मिटून बसला. आलेख सुंदर आला, वरच्या काठाला लागून जाणारी सरळ रेघ. मग आम्ही दोघं बूथमध्ये दाटीवाटीने बसलो आणि गाणी ऐकली. बाहेर येताना त्याने विचारलं, "पास का?"

"पास."

तेव्हापासून रीत पडली. अल्बम बाजारात जाण्यापूर्वी आधी कान, मग गाणं. 'दोन चाव्या'च्या वेळी तसंच. 'उकळबिंदू'च्या वेळीही. 'उकळबिंदू'ने त्याला कुठल्या कुठे नेलं. रिक्षात, सलूनमध्ये, माझ्या विभागातल्या शिपायाच्या फोनमध्ये तोच. मैदानं भरू लागली. ध्वनिवर्धकांच्या भिंती बघून मला त्याच्या कानांची धास्ती वाटायची, पण आलेख आला तो तसाच, सरळ. 'काचेचं घर' आला, तेव्हाही तसाच. मी त्याला कानात घालायचे बोळे दिले होते आणि तो म्हणायचा, "तुझी शप्पथ, रोज घालतो." मी इतकी खूश झाले की नाव झाकून ते चार आलेख विद्यार्थ्यांच्या व्याख्यानात दाखवू लागले. बघा, मी सांगायचे, काळजी घेतली तर ढणढणाटातही कान टिकतात.

जो निकाल आपल्याला हवा असतो तो आपण दुसऱ्यांदा तपासत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

आता पाचव्या अल्बमबद्दल. त्याआधी वडिलांचं सांगायला हवं. पारा दोन वर्षांचा असताना एका भांडणात वडिलांच्या हातून माणूस मेला. ते तुरुंगात गेले आणि सात वर्षांनी तिथेच वारले. आईने सगळ्यांना सांगितलं की ते जहाजावर नोकरीला लागलेत. महिन्या-दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड यायचं. 'समुद्र शांत आहे. मुलांना अभ्यास करायला सांग.' अक्षर वाकडंतिकडं; आई म्हणायची, जहाज हलतं ना. मी दहावीत असताना एकदा लवकर घरी आले आणि ती ट्रंकेवर पोस्टकार्ड ठेवून डाव्या हाताने लिहिताना दिसली. मी दारातूनच परत फिरले. पाराला हे मी तो मोठा झाल्यावर सांगितलं. शेजाऱ्यांना, धुलाईघरातल्या बायकांना, बहुधा सगळ्यांनाच खरं ठाऊक होतं. तरी कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट विचारायचे, "काय, जहाज कधी लागतंय बंदराला?" आणि आई सांगायची, "यंदा लांबलं जरा."

पाचव्या अल्बमचं नाव 'जहाज'. बूथमध्ये ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रडले. इतकं चांगलं त्याने आजवर काही लिहिलं नव्हतं. जहाज नाही आलं, पत्र आलं, डाव्या हाताचं पत्र आलं. त्याच्या कानांचा आलेख मी तासाभरापूर्वीच काढला होता, नेहमीसारखा सरळ, आणि तो माझ्या मांडीवर होता.

त्या गाण्याबद्दल आईला मीच सांगितलं. ती तेव्हा फुप्फुसांच्या आजाराने रुग्णालयात होती, माझ्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तिने अंगावरची चादर हाताने सपाट केली. मग म्हणाली, "सांगते मी त्याला. तू मध्ये पडू नको."

पारा आला त्या दिवशी तिच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. मी दाराबाहेर डॉक्टरांशी बोलत होते. काचेतून दिसलं: तिने त्याचा हात धरला, मान थोडी उचलली, काहीतरी बोलली. तो वाकला, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि मान हलवली. तो गेल्यावर मी आत गेले. आईने मास्क बाजूला केला.

"म्हटलं, ते जहाजाचं गाणं बाहेर काढू नको रे. लोकांनी इतकी वर्षं माझं खोटं सांभाळलं, त्यांच्या तोंडावर ते फेकल्यासारखं होईल." तिला धाप लागली. "हो म्हणाला गं. एवढा मोठा झाला, पण अजून माझं ऐकतो."

चार दिवसांनी ती गेली. चाळीस दिवसांनी 'जहाज' बाजारात आला. पहिलंच गाणं तेच. मुखपृष्ठावर पोस्टकार्ड.

मी त्याला एक ओळ पाठवली: 'आईला शब्द दिला होतास.' त्याचे फोन आले, सतरा वेळा. मी एकही उचलला नाही. धुलाईघरातली आईची मैत्रीण मला बाजारात भेटली, माझा हात हातात घेतला आणि मग पिशवी उचलून निघून गेली. त्या रात्री मी ठरवलं की मला भाऊ नाही. दोन वर्षं मी तसंच जगले. कुणी विचारलं, "पारा तुमचा कोण?" तर म्हणायचे, "आडनाव सारखं आहे."

मग या वर्षी सहावा अल्बम तयार झाला आणि एका मंगळवारी दुपारी तो माझ्या विभागात येऊन रांगेत बसला. काळा चष्मा, टोपी, मांडीवर रुग्णालयाचा केसपेपर. त्याच्या एका बाजूला सूनबाईवाले आजोबा.

"काय करता आपण?" आजोबांनी त्याला विचारलं.

तो हसला आणि म्हणाला, "हो."

आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "याला माझ्याआधी घ्या. केस हाताबाहेर गेलेली दिसते."

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला तो उद्धटपणा वाटला. मोठा माणूस, म्हाताऱ्याच्या प्रश्नाला उत्तर कशाला देईल?

त्याचा नंबर आल्यावर मी म्हणाले, "आत बसा. हेडफोनची लाल बाजू उजव्या कानाला." त्याला मी 'बसा' म्हणाले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग आत जाऊन बसला आणि त्याने डोळे मिटले.

मी सुरू केलं. स्वर सोडला, दिवा लागला. सोडला, लागला. काचेपलीकडे त्याच्या कानशिलाजवळ दोन केस पांढरे झालेले दिसले. त्याचा चेहरा मिटल्या डोळ्यांनी हुबेहूब आईसारखा दिसतो, हे मला दोन वर्षांत आठवलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. कागदावर पाणी पडू नये म्हणून मी यंत्रावरचा हात उचलला, चष्मा काढला आणि पदराने पुसू लागले.

दिवा लागला.

मला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. पुन्हा लागला. मी दोन्ही हात मांडीवर घेतले. यंत्रातून एकही स्वर जात नव्हता. बूथमध्ये पूर्ण शांतता होती, ती मीच बांधून घेतलेली शांतता आहे, मला तिचे आकडे माहीत आहेत. आणि त्या शांततेत माझा भाऊ डोळे मिटून, ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू ठेवून बटण दाबत होता. दिवा लागत होता. चार वेळा. चार वेळा. दोन वेळा. एक श्वास.

हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम.

पहिल्या आठवड्यात आम्हाला शिकवतात की दोन स्वरांमधलं अंतर कधी सारखं ठेवायचं नाही, नाहीतर रुग्ण ऐकून नव्हे तर अंदाजाने बटण दाबतो. मी प्रत्येक रुग्णाला अंतर बदलून स्वर सोडते. फक्त एका रुग्णासमोर माझा हात निर्धास्त व्हायचा आणि आपल्या जुन्या चालीवर जायचा. मला त्याचा पत्ताच नव्हता. ज्याच्यासमोर जायचा तो तालावर जगणारा माणूस होता.

मी बूथचं दार उघडलं. त्याने हेडफोन काढले. "झालं? पास का?"

मी पिवळी फाइल तोंडासमोर धरली आणि विचारलं, "आज वार कोणता?"

"हो," तो म्हणाला.

फाइल खाली घेतली. तेच, तेवढ्याच आवाजात विचारलं.

"मंगळवार," तो म्हणाला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

मी त्याच्यासमोर स्टुलावर बसले. "कधीपासून?"

"'उकळबिंदू'. आधी लिफ्टची टिंग गेली. मला वाटलं लिफ्ट बिघडली. वॉचमनला झापलंसुद्धा. मग बायकांचे आवाज जायला लागले. तुझा आवाज जाडा आहे म्हणून बरं."

"आणि इथे?"

"पहिल्या वेळचं सगळं पाठ आहे ना. कुठे दिवा लावला, कुठे नाही. कडव्यासारखं. तुझा हात कुठे बदलतो, ताई?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गाणं बंद कर म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग?" त्याने नजर खाली केली. "आणि त्या कागदाकडे बघून तू काय खूश व्हायचीस! दुसऱ्या कशानेही तुला तेवढं खूश होताना मी बघितलेलं नाही."

 मी काही बोलले असते तरी, तो खाली बघत असल्यामुळे, त्याला कळलं नसतं. थोड्या वेळाने त्यानेच मान वर केली.

"एक विचारू? दोन वर्षं विचारायचंय. आई तेव्हा मला काहीतरी म्हणाली. मास्क होता तोंडावर, ओठ दिसेनात. दोनदा 'काय?' कसं विचारायचं, तिला धाप लागत होती. मी हो म्हणालो. मग तुझी ओळ आली, शब्द दिला होतास म्हणून. कुठला शब्द तेच मला माहीत नव्हतं. फोन कानाला दाबला की तुझं थोडं कळतं, म्हणून फोन करत राहिलो. लिहून विचारलं असतं तर तुला कळलं असतं की मला ऐकूच आलं नाही." त्याने बटण दुसऱ्या हातात घेतलं. "काय म्हणाली होती गं?"

त्या वेळी मी काहीही सांगू शकले असते. जेवत जा. ताईला सांभाळ. साक्षीदार एकच होती आणि ती आता नव्हती. पण चुकीचा निकाल मी आयुष्यात कुणाच्या हातात दिला नाही, असं मला दहा मिनिटांपूर्वीपर्यंत वाटत होतं, आणि ती सवय इतक्या लवकर सुटली नाही. मी सांगितलं. त्याला ओठ वाचता यावेत म्हणून हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, त्याच्या तोंडाकडे बघत सांगितलं. गाणं बाहेर काढू नको म्हणाली. तू हो म्हणालास. अजून माझं ऐकतो, म्हणाली.

बटण त्याच्या हातातच होतं. ते दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं. उघड्या दारातून मला यंत्रावरचा दिवा दिसत होता. तो बराच वेळ विझला नाही.

मग मी त्याची खरी तपासणी केली, हात आवरून, अंतर बदलून. सहावा आलेख खालच्या स्वरांपाशी ठीक आहे, मधे उतरू लागतो आणि मग कड्यावरून पडावा तसा खाली जातो. वरच्या स्वरांपाशी, जिथे माणसांच्या बोलण्यातले स, श, फ असतात, आईसारखे बारीक आवाज असतात, तिथे काहीच नाही. गेलेलं परत येत नाही. मी त्याला ते सांगितलं. श्रवणयंत्र लावलं, त्याने थोडं भागतं, सगळं नाही. पहिल्यांदा ते कानात घातलं तेव्हा तो माझ्या टेबलावरच्या कागदाचा आवाज ऐकत बसला होता.

'जहाज' गाणं त्याने सगळीकडून काढून टाकलं. कारण सांगितलं नाही. लोकांनी नाना तर्क केले, कुणी म्हणालं भांडण, कुणी म्हणालं नव्या अल्बमसाठी नाटक. मला माहीत होतं की हे वरातीमागून घोडं आहे. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं होतं, फोनांमध्ये साठवलं होतं, पाठ केलं होतं. तो म्हणाला, "माहितीये मला. तरी."

सहावा अल्बम बाजारात आला त्या संध्याकाळी मोठ्या मैदानावर कार्यक्रम होता. अजून ऊन होतं. मी मंचाच्या कडेला, पडद्याआड, वायरींच्या वेटोळ्यांमध्ये एका पेटीवर बसले होते. तो गायला. मला त्यातलं सगळं कळत नाही, पण चाल कळते. शेवटचं गाणं झालं आणि तो पाणी प्यायला माझ्याकडे आला. घामामुळे श्रवणयंत्रं काढून माझ्या हातात दिली. तेवढ्यात मैदानातून कुणीतरी सुरुवात केली. मग दहा जणांनी, मग हजारांनी. वाद्य नाही, ध्वनिवर्धक नाही, नुसते गळे. जहाज नाही आलं, पत्र आलं. हजारो माणसं आमच्या आईच्या डाव्या हाताबद्दल गात होती, अतिशय प्रेमाने, टाळ्यांच्या ठेक्यावर, आणि त्यांना थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

पारा माझ्याकडे वळला. त्याने माझ्या ओठांकडे बघितलं.

"काय म्हणतायत गं?"

मी हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "काही नाही. तुझं नाव घेतायत."

सहावा आलेख मी काढला आहे. खालचे स्वर त्याला अजून ऐकू येतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. टाळ्यांचा ठेका मंचाच्या फळ्यांतून माझ्या पायांपर्यंत येत होता, म्हणजे त्याच्याही, चार, चार, दोन, आणि त्या गाण्याची ती चाल त्याने स्वतः बांधलेली होती.

त्याने रिकामा पेला माझ्या हातात दिला. माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

"हो," तो म्हणाला.